जुन्या गाडीचा आवाज : ऐकावा कसा, ओळखावा कसा

गेल्या हिवाळ्यातील एका सोमवारची सकाळ. दिमोनात थंडीच्या दिवसांत वाळवंटातील पहाट चांगलीच गार असते. रात्रभर इमारतीखाली उघड्यावर उभी असलेली गाडी मी सुरू केली आणि बॉनेटखालून ‘टक्-टक्-टक्’ असा कोरडा, भरभर येणारा आवाज ऐकू आला. गाडी २००६ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. अडीच लाख किलोमीटरचा आकडा तिने केव्हाच ओलांडलेला. एवढ्या वयाच्या गाडीने थोडीफार कुरकुर केली तर तिला दोष देता येत नाही. परंतु हा आवाज नवा होता, आणि आदल्या दिवशीपर्यंत तो नव्हता.

माझी चिंता केवळ गाडीची नव्हती. माझ्या पत्नीला रविवार, मंगळवार आणि गुरुवार असे आठवड्यातून तीन दिवस डायालिसिससाठी बेअर शेवाला न्यावे लागते. अंतर सुमारे ३५ किलोमीटरचे. चार तास यंत्राला जोडून राहिल्यानंतर माणसाच्या अंगात त्राण उरत नाही. त्या अवस्थेत बसची वाट पाहत उभे राहणे तिला झेपत नाही. तेव्हा आमच्या घरात ही जुनी गाडी म्हणजे चैनीची वस्तू नव्हे.

माझ्या मुलाने आपल्या फोनवर तो आवाज वीसएक सेकंद टिपून घेतला आणि ओळखीच्या एका मुसाखवाल्याकडे पाठवून दिला. दहा मिनिटांत उत्तर आले: “खालचे बेअरिंग गेले. इंजिन बदला, नाहीतर गाडी भंगारात द्या.” बदली इंजिनाचा आणि मजुरीचा जो आकडा त्याने सांगितला, तो आमच्या गाडीच्या बाजारभावाहून अधिक होता.

स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने एवढेच विचारले, “अहो, मग उद्याचे काय?”

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात तो सोमवार गेला. त्या दिवशी जे केले, जे आठवले आणि जे नव्याने शिकलो, ते येथे क्रमवार लिहीत आहे. आपल्या समाजात सेवानिवृत्त मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात जुनी गाडी उभी आहे. त्यांना ह्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आधी तेल, मग कान

इंजिनाचा कोणताही अनोळखी आवाज ऐकताच पहिली गोष्ट करावी ती ही, की इंजिन बंद करावे आणि तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल खालच्या पात्रात उतरते. मग तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी आणि तेल कोठवर लागले आहे ते बघावे. खालची खूण आणि वरची खूण ह्यांच्यामध्ये बहुतेक लहान गाड्यांत सुमारे एक लिटर तेलाचे अंतर असते.

माझ्या गाडीत तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. हे पाहून मला शरम वाटली. कोकणात ज्यांच्या पूर्वजांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखत, त्यांच्या वंशजाने घरच्या यंत्राला तेल पुरेसे आहे की नाही हे दोन-दोन महिने पाहू नये, ही गोष्ट भूषणावह खासच नव्हे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गाडीच्या फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला जो लाल दिवा असतो, तो तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाचा दाब पुरेसा आहे की नाही हे सांगतो. दिवा लागलेला नाही म्हणून तेल भरपूर आहे असे समजणे चूक आहे. उलट, गाडी चालू असताना तो दिवा लागला तर त्या क्षणी रस्त्याच्या कडेला थांबून इंजिन बंद केले पाहिजे. इंजिनातील मुख्य बेअरिंगे तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. दाब गेला की तो थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. अशा वेळी ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे जाणाऱ्याला नंतर खरोखरच इंजिन बदलावे लागते.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल मी आणले आणि थोडेथोडे करून, मधून मधून पट्टी पाहत, वरच्या खुणेजवळ आणले. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. जादा तेलही इंजिनाला अपायच करते. तेल भरल्यावर गाडी क्षणभर सुरू केली. लाल दिवा लगेच विझला. आवाज मात्र तसाच होता.

परळचे काका

माझे मोठे काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. लाकडी मुठीचा एक लांब पेचकस ते नेहमी जवळ बाळगीत. चालू यंत्राच्या अंगावर त्याचे टोक टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, ही त्यांची पद्धत. डॉक्टरांची नळी छातीवर जे काम करते तेच काम तो पेचकस करीत असे. ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांना आणखी एक दृश्य आठवत असेल: लांब पल्ल्याची गाडी स्थानकात थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोकत पुढे जात असे. निर्दोष चाक घंटेसारखे खणखणे. तडा गेलेले चाक बद्द वाजे.

काका म्हणत, “आवाज कसला आहे हे मागाहून विचार. आधी तो केव्हा होतो ते विचार.” त्या वयात ह्या वाक्याचे मर्म मला कळले नव्हते. सोमवारी दुपारी ते कळले. वीस सेकंदांच्या ध्वनिमुद्रणात आवाज कसला आहे एवढेच कळते, आणि तेही अर्धवट. फोनचा इवलासा ध्वनिक्षेपक खोल, जड आवाज नीट उमटवू शकत नाही. त्यामुळे वरची हलकी टकटक आणि खालची जड ठोक ह्या दोन्ही फोनवर जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. आवाज केव्हा सुरू होतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो, हे त्या मुद्रणात नव्हतेच.

परंपरा सांगते की, कोकणात आपल्या पूर्वजांना हिब्रू भाषेचा विसर पडला, ग्रंथ उरले नाहीत, तरी शब्बाथ आणि ‘शमा’ त्यांनी सोडली नाही. त्या प्रार्थनेचा पहिलाच शब्द ‘ऐक’ असा आहे. प्रार्थनेची आणि मोटारीची तुलना करण्याचा माझा उद्देश नाही. तथापि उत्तर देण्यापूर्वी पूर्ण ऐकून घ्यावे हा धडा आपल्या घरात फार जुना आहे, इतके म्हणण्यास हरकत नसावी.

काही दक्षता

तपासणीस हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंदिस्त जागेत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. हातब्रेक ओढलेला असावा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक गाडीत ‘पार्क’मध्ये असावा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी, मनगटातील घड्याळ ही फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावीत. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, म्हणून त्यात बोटे घालू नयेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कोणत्याही कारणास्तव, शिरू नये.

एक साहाय्यक अवश्य घ्यावा. आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा एक आणि बाहेर ऐकणारा दुसरा, अशी दोन माणसे असली की काम निम्मे होते.

प्रश्न कोणते विचारावेत

पहिला प्रश्न : आवाज इंजिनाचा आहे की चाकांचा? गाडी जागेवर उभी ठेवून इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. आवाजाची लय तीबरोबर वाढली, तर दोष इंजिनात किंवा इंजिनाने फिरविलेल्या उपांगांत आहे. उभ्या गाडीत आवाज मुळीच येत नसेल आणि रस्त्यावर वेगाबरोबर वाढत असेल, तर बहुधा चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक किंवा गिअरबॉक्स ह्यांच्याकडे वळावे. मात्र इंजिनाचे काही आवाज केवळ भार पडल्यावरच येतात. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरा प्रश्न : थंड असताना की तापल्यावर? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत तोच राहून जातो. त्याचे उत्तर हवे असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, म्हणजे काही तास थांबावे, आणि सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटे घड्याळ समोर ठेवून ऐकत राहावे. मुसाखपर्यंत चालवत नेलेली गाडी तेथे पोचेपर्यंत तापलेली असते; म्हणून ही परीक्षा घरीच उत्तम होते.

तिसरा प्रश्न : कशाने बदलतो? एअर कंडिशनर चालू-बंद करावा. पॉवर स्टिअरिंग तेलाच्या पंपावर चालणारे असेल तर चाक थोडे डावी-उजवीकडे वळवावे. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल तर क्लच दाबून आणि सोडून पाहावा. क्लच दाबताच आवाज सुरू झाला तर क्लचच्या बेअरिंगचा संशय घ्यावा; दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा.

चौथा प्रश्न : लय किती जलद? आरामात चालणारे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला तेरा. झडपा उघडमीट करणारा कॅमशाफ्ट मात्र त्याच्या निम्म्या गतीने फिरतो. यास्तव एका झडपेची टकटक सेकंदाला सहा-सात वेळा होते आणि प्रयत्न केल्यास कान तिला वेगळी ओळखू शकतो. एकाच सिलिंडरमधून निसटणाऱ्या धुराची लयही हीच असते, कारण एका सिलिंडरमधून दोन फेऱ्यांत एकदाच धूर बाहेर पडतो.

आवाजांची ओळख

आता निरनिराळे आवाज आणि त्यांची सर्वसाधारण कारणे पाहू.

किंचाळी. थंड गाडी सुरू करताच काही क्षण किंचाळी येते आणि मग थांबते, तेव्हा बहुधा अल्टरनेटर फिरविणारा रबरी पट्टा घसरत असतो. सुरुवातीला बॅटरी भरण्याचा भार अधिक असल्यामुळे हे घडते. इंजिन चालू असताना, हात दूर ठेवून, फवारणीच्या बाटलीने पट्ट्याच्या आतल्या दातेरी बाजूवर थोडेसे पाणी मारावे. चिवचिव क्षणभर थांबली तर पुली एका रेषेत नाहीत; आवाज वाढला तर पट्टा सैल आहे किंवा झिजला आहे. विजेच्या जोडण्यांवर पाणी उडू देऊ नये.

घरघर. जात्यासारखी अखंड घरघर म्हणजे एखादे बेअरिंग झिजले आहे: अल्टरनेटरचे, पाण्याच्या पंपाचे किंवा पट्टा ताणणाऱ्या पुलीचे. येथे काकांचा पेचकस कामाला येतो. प्रत्येक उपांगाच्या स्थिर, धातूच्या भागावर टोक टेकवून ऐकावे. प्लास्टिकच्या आवरणावर टेकवू नये, कारण त्यातून आवाज नीट येत नाही. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी थंड इंजिनावरील बाहेरचा पट्टा काढून गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालवावी. आवाज नाहीसा झाला तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष उपांगात आहे. पाण्याचा पंप ह्याच पट्ट्यावर चालत असेल तर त्याहून अधिक वेळ इंजिन चालवू नये. आतल्या टायमिंग पट्ट्याला मात्र घरी हात लावू नये.

खडखड. सुरू करताच एक-दोन सेकंद साखळी हलविल्यासारखी खडखड होत असेल आणि इंजिनात टायमिंग चेन असेल, तर चेन किंवा तिला ताणणारा भाग झिजल्याचा संभव आहे. हा आवाज थोडा वेळच येतो म्हणून दुर्लक्ष करू नये; चेनने दाते सोडले तर कित्येक इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळतात. याउलट, विशिष्ट गतीला पत्र्याचा डबा वाजल्यासारखी खडखड येत असेल तर ती पुष्कळदा सायलेन्सरच्या नळीवरील उष्णतारोधक पत्र्याची असते. गाडी थंड असताना त्या पत्र्यावर मुठीने ठोकून पाहावे. गंजलेला पत्रा पोलादी पट्टीने आवळला की काम भागते. एवढ्याशा पत्र्यासाठी घाबरून गाडी विकणारी माणसे मी पाहिली आहेत.

खडे वाजल्याचा आवाज. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच डब्यात खडे हलविल्यासारखा आवाज येतो, तेव्हा सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी किंवा अनियमितपणे पेटत असते. बेअर शेवाहून दिमोनाकडे येताना चढ आहे. तेथे ही परीक्षा आपोआप होते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, आत साचलेला कार्बन, अतितप्त इंजिन किंवा बिघडलेला सेन्सर ही त्याची कारणे. असेच चालवीत राहिल्यास पिस्टनला इजा होते.

पोकळ ठोक. थंड इंजिनात ऐकू येणारी आणि तापल्यावर विरून जाणारी मऊ, पोकळ ठोक पिस्टनची असते. झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन किंचित डुलतो आणि तापून फुगल्यावर घट्ट बसतो. पुष्कळ गाड्या ह्या दोषासह वर्षानुवर्षे चालतात.

टकटक. हलकी, तीक्ष्ण टकटक झडपांची असू शकते. तेलावर चालणारे टॅपेट रात्रभर रिकामे होतात आणि सकाळी काही सेकंद वाजतात. तेल पोचले की शांत होतात. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांचीही स्वतःची बारीक टिकटिक असते, ती निकोप इंजिनातही ऐकू येते. टकटकीचे तिसरे कारण म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून निसटणारा धूर. ही टकटक थंड असताना जोरात असते, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच वाढते, आणि धातू तापून प्रसरण पावला की फट बुजून कमी होते.

जड ठोक. हा आवाज सर्वांत वाईट. इंजिनाच्या तळातून, हातोडी मारल्यासारखा खोल आवाज येतो. भार पडला की वाढतो, आणि तेल तापून पातळ झाले की कमी होण्याऐवजी अधिकच ठळक होतो. क्रँकशाफ्टचे किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची ही खूण. हा आवाज ओळखला की घरगुती तपासणी तेथेच संपते. इंजिन बंद करावे, पुन्हा सुरू करू नये आणि गाडी ओढून मुसाखमध्ये न्यावी. मग मात्र मुसाखवाल्याने सांगितलेला मोठा आकडा मान्य करावा लागतो.

आमच्या गाडीचा निकाल

दुपारी चारपर्यंत इंजिन पूर्ण थंड झाले. मुलाला आत बसविले आणि मी कानाशी रबरी नळी घेऊन उभा राहिलो. पेचकसाने धातूतून येणारा आवाज ऐकू येतो. फटीतून निसटणारी हवा ऐकण्यास हातभर लांबीची बागेतील नळी बरी. तिचे एक टोक कानाजवळ आणि दुसरे संशयित जागेजवळ धरावे.

गाडी सुरू होताच टकटक आली. पेचकस मी प्रथम झडपांवरील धातूच्या झाकणाला लावला: आत नेहमीची सळसळ, जादा काही नाही. तळाच्या बाजूला लावला: तेथेही ठोक नव्हती. मग नळी मॅनिफोल्डच्या कडेने हळूहळू फिरवली. चौथ्या सिलिंडरपाशी ‘फट्-फट्-फट्’ असा हवेचा फटकारा कानावर इतका स्पष्ट आला की मी नळी दूर केली. मुलाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, फटकारा वाढला. सहाव्या मिनिटाला आवाज मंदावला. अकराव्या मिनिटाला तो जवळजवळ नाहीसा झाला.

झिजलेले बेअरिंग तापल्यावर शांत होत नाही. तेवढ्या एका गोष्टीने सकाळचा निकाल रद्द ठरला.

इंजिन थंड झाल्यावर विजेरी घेऊन पाहिले. चौथ्या सिलिंडरच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा उमटला होता आणि तेथील एक नट सैल झाला होता. मी तो घट्ट करण्याच्या भरीस पडलो नाही. वर्षानुवर्षे तापून गंजलेला बोल्ट जोर लावताच तुटतो, आणि इंजिनात अडकलेला तुकडा काढणे हे घरचे काम नव्हे. दोष शोधता येतो म्हणून तो दुरुस्तही करता येतो असे नाही.

येथे मुलगा म्हणाला, “अब्बा, मग उद्या गाडी नेता येईल. आवाज तर दहा मिनिटांत जातो!” त्याचा तर्क चुकीचा नव्हता, इंजिनाला उद्याच्या प्रवासात काही होणार नव्हते. परंतु जो धूर फटीतून बॉनेटखाली येतो, तो हवेच्या झरोक्यांतून गाडीच्या आतही येऊ शकतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मूत्रपिंडाच्या रोग्यांत रक्तक्षय सर्रास आढळतो. ज्या रक्तात प्राणवायू वाहण्याची शक्ती आधीच कमी आहे, तेथे ह्या वायूने आणखी वाटा उचलणे घातक. आवाजापेक्षा मला ह्या धुराची भीती अधिक वाटली. मंगळवारी शेजाऱ्यांनी आम्हाला बेअर शेवाला पोचविले आणि परतही आणले.

बुधवारी दुसऱ्या एका मुसाखमध्ये गाडी नेली. तेथील मेकॅनिकला मी ‘इंजिनात आवाज आहे’ असे सांगितले नाही. लिहून नेलेल्या चार ओळी वाचून दाखविल्या: थंड असताना टकटक, भार देताच वाढते, अकरा मिनिटांत जाते, चौथ्या सिलिंडरपाशी काजळी. त्याने मान डोलावली आणि इंजिन थंड होऊ दिले. नवे गॅस्केट, नवे नट, एक नवा बोल्ट. जो आकडा प्रथम ऐकला होता त्याच्या विसाव्या हिश्श्यात काम झाले. गुरुवारी पत्नीला घेऊन मीच गेलो.

दोन शब्द शेवटी

पहिल्या मुसाखवाल्यावर माझा राग नाही. त्याच्याकडे वीस सेकंद होते आणि बाहेर गाड्यांची रांग होती. आपणही डॉक्टरांना फोनवर खोकून दाखवून औषध मागत नाही. दोष असेल तर तो अर्धवट विचारण्याचा.

म्हणून माझी विनंती अशी की, गाडीत एक लहान वही ठेवावी. महिन्यातून दोनदा, आणि लांबच्या प्रवासापूर्वी अवश्य, तेल पाहून त्याची नोंद करावी. नवा आवाज आला तर तारीख लिहावी. मग केव्हा, किती वेळ, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, एवढे लिहावे. फोनवर आवाज टिपायचा असेल तर थंड इंजिन सुरू करण्यापूर्वीच टिपणे चालू करावे आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. मोठ्या खर्चाचा निर्णय ऐकला तर दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे. परंतु लाल दिवा लागला किंवा खोल, जड ठोक ऐकू आली, तर मत विचारत न बसता प्रथम इंजिन बंद करावे.

आमच्या गाडीच्या वहीतील पहिली नोंद त्या सोमवारची आहे: “तेल खालच्या खुणेच्या खाली. माझा हलगर्जीपणा.” टकटकीशी ह्या तेलाचा संबंध नव्हता, हे खरे. पण टकटक झाली नसती तर बॉनेट उघडले नसते, आणि आणखी काही आठवड्यांनी ते तेल इतके खाली गेले असते की मुसाखवाल्याचे निदान खरे ठरले असते. आता दर दुसऱ्या गुरुवारी, रुग्णालयात पत्नीचे उपचार चालू असताना, मी खाली येऊन तेलाची पट्टी पाहतो. वर गेलो की ती विचारते, “आहे का?” मी “आहे” म्हणतो, आणि वहीत तारीख लिहितो.